लावणीच्या दिवसांतला विज्ञानाचा तास

जुलै लागला की आमच्या शाळेत नववी-दहावीचे निम्मे बाक रिकामे होतात. मुलं लावणीला गेलेली असतात. जी येतात त्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या असतात, नखांत माती असते आणि एखाद्याच्या दप्तरात आशाताईने घरी दिलेल्या गोळ्यांची पट्टी असते. काही वर्षांपूर्वी एका मुलीने अशीच एक पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. "सर, ही लेप्टोची गोळी. आठवड्यात एकदाच घेवची म्हणतत. तापाची गोळी तर दिवसात तीनदा घेतंव." मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "आजी म्हणता, ताप नाय तर गोळी कित्याक खावची?"

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, भातखाचरातल्या पाण्यातून होणारा जंतूंचा आजार, आणि ही गोळी तो होऊ नये म्हणून. दोन्ही प्रश्न अस्सल विज्ञानाचे होते. पहिला औषधाच्या मात्रेचा, दुसरा प्रतिबंधाचा. मी तेव्हा बावीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि मी उत्तर दिलं, "डॉक्टरांनी दिलीय ना, मग घ्यायची." मुलीने पट्टी उचलून दप्तरात टाकली. ती गोळी तिने घेतली की नाही, हे मी नंतर विचारलंही नाही.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. कोकणातल्या बहुतेक लहान माध्यमिक शाळांत विज्ञानाला एकच शिक्षक असतो, कधी गणितासकट. तो भौतिक किंवा रसायन शिकून आलेला असतो आणि जीवशास्त्राशी त्याची शेवटची गाठ बारावीत पडलेली असते. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकात मात्र आनुवंशिकता आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, पेशीविज्ञान आणि जैवतंत्रज्ञान आहे, सामाजिक आरोग्य आहे. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. डीएनएपासून प्रथिनापर्यंतचा प्रवास त्यात नीट मांडला आहे, मूलपेशींची ओळख आहे. माझी तक्रार अशी, की हे पुस्तक ज्याच्या हातात दिलं त्याने आयुष्यात एकदाही लेप्टोचा जंतू पाहिलेला नाही, हिवतापाची काचपट्टी रंगवलेली नाही, रक्ताचा नमुना रुग्णालयातून निघून अहवाल होईपर्यंत त्याचं काय होतं हे पाहिलेलं नाही. पोहायला न शिकलेल्या माणसाने फळ्यावर हात मारून पोहणं शिकवावं, तसं आमचं चाललं आहे. आणि आम्ही समुद्रकाठची माणसं आहोत.

म्हणून माझी मागणी स्पष्ट मांडतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या प्रत्येक माध्यमिक विज्ञान शिक्षकाला जैववैद्यकीय विज्ञानाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळालं पाहिजे. ते सभागृहात नको, मोबाइलवरच्या चित्रफितीत नको. त्याच्याच जिल्ह्यातल्या चालत्या प्रयोगशाळेत, तिथे रोज काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी उभं राहून, पगारी कर्तव्यकाळात मिळालं पाहिजे.

त्या मुलीला मी काय सांगू शकलो असतो ते मला पुढे कळलं. माझ्या ओळखीतल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने एका दुपारी ते समजावलं. भातखाचरातल्या पाण्यात उंदराच्या, गुरांच्या, कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरा, म्हणजे लेप्टोचे जंतू, येतात. चिखल्यांनी फुटलेल्या, पाण्यात भिजून मऊ झालेल्या कातडीतून ते आत शिरतात. आत शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण पाच ते चौदा दिवस जातात. आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन, म्हणजे त्या गोळीतलं औषध, पोटात गेलं, तर मधल्या काळात शिरलेल्या जंतूंची फौज उभी राहण्याआधीच मोडते. तापाची गोळी ताप उतरवते आणि काही तासांत तिचा अंमल संपतो. दोन गोळ्यांची कामंच वेगळी आहेत. आजीचा प्रश्नही यातच सुटतो, कारण ताप आल्यावर फौज आधीच उभी असते.

पण ती गोळी काम करते हे कशावरून? खरा विज्ञानाचा तास इथे सुरू होतो. पनामाच्या जंगलात सरावासाठी गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९८४ साली छापून आले. सैनिकांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. दुसऱ्या गटातल्या वीस जणांना लेप्टो झाला, पहिल्या गटातल्या फक्त एकाला. दहावीच्या कुठल्याही मुलाला हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवा आणि विचारा, दुसऱ्या गटाला खोटी गोळी का दिली असेल? वर्ग अर्धा तास भांडेल. चांगलं भांडण असेल ते.

गोष्ट तिथे संपत नाही, आणि म्हणूनच ती मला आवडते. अंदमानात, जिथे आपल्यासारखाच पाऊस आणि आपल्यासारखीच भातशेती आहे, तिथल्या गावकऱ्यांवर अशीच चाचणी झाली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. तिथे रक्तात संसर्गाच्या खुणा दोन्ही गटांत जवळपास सारख्याच सापडल्या. मात्र प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत निम्म्याहून कमी होतं. म्हणजे गोळी जंतूला दारातच अडवते असं छातीठोक म्हणता येत नाही. आजार होऊ देत नाही, एवढं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. सैनिक तीन आठवडे जंगलात होते, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चिखलात आहे. एका प्रयोगाचं उत्तर दुसऱ्या जागी तसंच्या तसं लागू पडत नाही, हे मुलांना पुस्तकातल्या कुठल्या धड्यातून कळणार आहे?

आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्याच विषयातली आहे. शाळेत मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे डॉक्सिसायक्लिनसुद्धा, लोह आणि कॅल्शियमच्या आयनांना घट्ट बांधून घेतात आणि मग आतड्यातून नीट शोषली जात नाहीत. निळी गोळी आणि लेप्टोची गोळी एकाच वेळी गिळली तर दोन्हींचं मोल कमी होतं. धातूचे आयन आणि त्यांना बांधणारे रेणू मी महाविद्यालयात तीन वर्षं शिकलो, परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळवले. आणि ज्या दिवशी शाळेत निळी गोळी वाटायचो त्याच दिवशी मुलं लेप्टोचीही घेत असतील, हा विचार कधी डोक्यात आला नाही. ज्ञान होतं, जोड नव्हती. ती जोड देणं म्हणजे प्रशिक्षण.

निळ्या गोळीचंच पुढे बोलायचं तर, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. गोळी शाळेत पोहोचते, पण बऱ्याच गोळ्या खिडकीबाहेरच्या गवतात जातात. कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. मुली घाबरतात, विचारत नाहीत. काळं का होतं, ते न शोषलेल्या लोहाचं आहे, रक्ताचं नाही, रिकाम्या पोटी घेऊ नये, चहाबरोबर तर नकोच, हे नीट सांगणारा शिक्षक असेल तर गवतातल्या गोळ्या कमी होतील. आमच्या शाळेत झाल्या. हे सांगायला मला सत्तेचाळीस वर्षांचा व्हावं लागलं, हे बरं नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगायला जड जाते. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांना श्रावणात ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. मुलगा वर्गात म्हणाला, "बाबांक कावीळ झाली हा, उतरवूक नेलानी." आमच्याकडे काविळीवर मुळी बांधणारे, रस पाजणारे, पाण्यात कावीळ उतरवून दाखवणारे गावोगाव आहेत. मी ऐकलं आणि धडा पुढे चालू ठेवला. ताप, पोटऱ्यांतली वेदना, लालसर डोळे आणि मग कावीळ, तीही लावणीनंतर, म्हणजे लेप्टोने यकृत आणि मूत्रपिंड धरलेले असू शकतात, तासाचाही उशीर नको, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते रुग्णालयात पोहोचले तेव्हा लघवी बंद झाली होती. ते वाचले नाहीत.

मुळी बांधणाऱ्या माणसाला शिव्या घालणं सोपं आहे. मला ते करायचं नाही, कारण तो फसवत नसतो, तो स्वतः फसलेला असतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे अ आणि ई प्रकारचा यकृतदाह, बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. अशा दहा जणांना मुळी बांधली तर नऊ जण बरे होणारच. ती माणसं मग गावभर सांगतात. जो गेला तो सांगायला येत नाही. सर्पदंशाचंही हेच. आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात, रात्री सापाचं नावही घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, विषारी सापही कधीकधी विष न सोडता नुसता चावतो. मंत्र घालणाऱ्याच्या खात्यावर हे सगळे जमा होतात. आपोआप बरं होणं म्हणजे काय, तुलनेला दुसरा गट का लागतो, जे वाचले त्यांच्याच गोष्टी का ऐकू येतात, हे ज्या मुलाला सोळाव्या वर्षी समजलं तो घरातल्या म्हाताऱ्यांशी न भांडताही वडिलांना गाडीत घालून रुग्णालयात नेईल. विज्ञानशिक्षणाकडून मला एवढंच हवं आहे, आणि ते फार मोठं आहे.

गावात डॉक्टर आहेत, आरोग्यसेविका आहेत, मग मास्तर कशाला, असं विचारणारे भेटतात. आरोग्यसेविकेकडे वाड्या-वाड्यांचं काम असतं. डॉक्टरकडे माणूस आजारी पडल्यावर जातो. शिक्षकाकडे तीच मुलं पाच-सहा वर्षं रोज येतात आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगतात, "सरांनी सांगितलंय." या दोन शब्दांना आमच्या वाड्यांत अजून वजन आहे. ते वजन आम्ही कमावलेलं नाही, आमच्या आधीच्या मास्तरांनी कमावलेलं आहे. त्यामागे खरं ज्ञान असलं पाहिजे.

सध्या प्रशिक्षण होत नाही असं नाही. खूप होतं. ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत नेमायचे आहेत. हेतू चांगला, विषयही योग्य. पण या सगळ्यांत शिक्षक हा निरोप्या असतो. वरून आलेला संदेश खाली पोहोचवायचा. मी स्वतः एका दोन दिवसांच्या आरोग्य प्रशिक्षणाला बसलो होतो. पडद्यावर वाक्यं येत होती, तज्ज्ञ ती वाचून दाखवत होते, आम्ही उतरवून घेत होतो. मी प्रश्न विचारला, तर मिळालेलं उत्तर मला ओळखीचं वाटलं: "वरून तसं आलंय." मी माझ्या विद्यार्थिनीला दिलं होतं तेच ते उत्तर, फक्त शब्द वेगळे.

शिक्षकाने संशोधकांबरोबर हात घाण करून काम केल्याने मुलांना काही मिळतं का, हे मोजून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९९० साली माध्यमिक विज्ञान शिक्षकांसाठी असा उपक्रम सुरू केला. शिक्षक सलग दोन उन्हाळे, दर वेळी आठ आठवडे, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे, त्याचं मानधन घ्यायचे आणि मग आपल्या वर्गात परतायचे. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा हिशेब आला. शिक्षक उपक्रमात आल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांचे विद्यार्थी राज्याच्या विज्ञान परीक्षेत, त्याच शाळांतल्या इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपेक्षा सुमारे १० टक्के अधिक प्रमाणात उत्तीर्ण झाले. फरक पडायला दोन-तीन वर्षं गेली, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे प्रशिक्षण संपलं की पंधरा दिवसांत अभिप्राय अर्ज भरून घेतात आणि ते यशस्वी झाल्याचं जाहीर करतात.

न्यूयॉर्क कुठे, आमचं गाव कुठे, हे मला मान्य आहे. मग होशंगाबाद घ्या. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात सोळा ग्रामीण शाळांत करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मोठमोठ्या संस्थांतले वैज्ञानिक सुट्टीत येऊन गावातल्या मास्तरांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करायचे, फसले तर पुन्हा करायचे. नंतर शिक्षक दर महिन्याला एकत्र जमायचे आणि वर्गात काय बिनसलं ते बोलायचे. तीस वर्षं तो चालला, शेकडो शाळांत पोहोचला, २००२ साली सरकारी निर्णयाने बंद झाला. बंद झाला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. त्यातली मासिक बैठक ही मला कुठल्याही पाहुण्या व्याख्यात्यापेक्षा मोलाची वाटते.

आणि आपल्या स्वतःच्या मातीत काय घडलं ते तरी आम्ही कुठे शिकवतो? महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, त्यांच्या डोळ्यांदेखत फुप्फुसांत पाणी भरून दगावत होती. ते खाटेशेजारी बसून राहिले. घाम कधी फुटतो, हात-पाय कधी गार पडतात, नाडी आणि रक्तदाब कसे बदलतात, तासातासाची नोंद ठेवली. विषाने शरीरात अॅड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदय थकतं, हे लक्षात आल्यावर रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निबंध आले, विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप घटले. पुढचा भाग मला त्याहून मोठा वाटतो. विंचवाचं विष मारणारी प्रतिलस मिळू लागली तेव्हा आपलंच औषध पुरेसं आहे असं म्हणत ते बसले नाहीत. डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर त्यांनी महाडमध्येच रुग्णांचे दोन गट करून चाचणी केली. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिलस. दोन्ही मिळालेले लवकर बरे झाले, आणि तसं त्यांनी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावात बसून जगाच्या वैद्यकात भर घातली गेली. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या शाळकरी मुलांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

मग प्रशिक्षण कसं असावं? माझ्या मनात जे आहे ते सांगतो.

आता आपल्याकडे जागा आहेत. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, डेरवणला त्याआधीपासून महाविद्यालय आहे. प्रत्येक ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र आणि विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभाग आहेत. माझ्या लहानपणी यातलं काही नव्हतं, शंका विचारायला मुंबई गाठावी लागायची. दर तालुक्यातून दोन शिक्षक मे महिन्यात दहा दिवस तिथे राहावेत. मे महिना हा आंब्या-काजूचा, निम्म्या शिक्षकांची स्वतःची कलमं असतात, हे मला माहीत आहे. म्हणून मानधन हवं आणि हे दिवस सेवेत मोजले जायला हवेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० दरवर्षी प्रत्येक शिक्षकाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. ते पन्नास तास इथे खर्च होऊ देत. त्यानंतर जुलै ते ऑक्टोबर महिन्यातून एक दिवस पुन्हा तिथेच, कारण लेप्टो आणि डेंगी मे महिन्यात दिसत नाहीत. रोगाच्या हंगामात प्रयोगशाळा पाहिल्याशिवाय ती पाहिली असं होत नाही.

तिथे शिक्षकाला शिकवणारे प्राध्यापक असावेत, पण त्याहून अधिक लॅब टेक्निशियन असावेत, असं माझं ठाम मत आहे. काचपट्टीवर रक्ताचा थर पातळ कसा ओढायचा, रंग किती वेळ ठेवायचा, कधी अहवालावर विश्वास ठेवू नये, हे त्यांच्या बोटांना माहीत असतं. शिक्षकाने हिवतापाची पट्टी स्वतः रंगवावी. हत्तीरोगाच्या तपासणीला आरोग्य कर्मचारी रात्रीच का येतात, हे रात्रीची पट्टी आणि दिवसाची पट्टी शेजारी ठेवून पाहावं. त्या रोगाच्या सूक्ष्म अळ्या दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावायच्या वेळी, बाहेरच्या रक्तात येतात. लहानपणी आमच्या घरी रात्री नऊला बोट टोचायला आलेल्या माणसाला माझ्या आजीने परत पाठवलं होतं. रात्रीच का, हे त्यालाही सांगता आलं नव्हतं.

फुरशाच्या दंशानंतर करतात ती वीस मिनिटांची चाचणी तर मला प्रत्येक विज्ञान शिक्षकाने पाहायला हवी. रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेतात, वीस मिनिटं हलवत नाहीत, मग नळी तिरपी करतात. रक्त गोठलं नसेल तर विषाने गोठण्याची यंत्रणा संपवली आहे. ना वीज लागते ना यंत्र. नळी काचेचीच का, प्लॅस्टिकची का चालत नाही, असं विचारलं की उत्तरात काचेच्या पृष्ठभागापासून प्रथिनांच्या साखळीपर्यंतचं सगळं येतं. आमच्या देवगड-रत्नागिरीच्या कातळ सड्यांवर फुरशी आहेतच. नवव्या वर्षी अनवाणी सड्यावर फिरणाऱ्या मुलाला हे उत्तर कधीही उपयोगी पडेल.

हे सगळं शाळेत करून दाखवायचं नाही, हेही त्याच प्रशिक्षणात पक्कं झालं पाहिजे. मुलांचं रक्त काढायचं नाही. एका सुईने अनेकांची बोटं टोचून रक्तगट दाखवण्याचे दिवस कधीच संपले. जंतूंची वाढ करायची तर बंद डबीत, ती उघडायची नाही, नंतर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून टाकायची. त्यासाठी लागणारं माध्यम किराणा दुकानातल्या चायना ग्रासने बनतं, आणि ते लाल समुद्री शेवाळापासून येतं. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेतला, जंतू वाढवण्यासाठीचा जिलेटिनचा थर उन्हाळ्यात वितळायचा. १८८१ साली फॅनी हेसे या बाईंनी आपल्या स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून त्याऐवजी आगर, म्हणजे हेच चायना ग्रास, सुचवलं. किनाऱ्यावर शेवाळ तुडवत येणाऱ्या मुलींना हे सांगताना त्यांचे चेहरे पाहावेत.

दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या शिक्षकांसाठी तर माकडतापाचा स्वतंत्र भाग हवा. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू २०१६ साली सिंधुदुर्गात पोहोचला आणि काजूच्या बागांत काम करणारी माणसं दगावली. गोचिडींची पिल्लं थंडी ते उन्हाळा या काळात माणसाला चावतात, म्हणजे नेमकी काजूच्या हंगामात. रानात मेलेलं माकड पहिल्यांदा कोणाला दिसतं? शेळ्या-गुरांमागे जाणाऱ्या पोरांना. त्या पोराला हात न लावता लगेच कळवायचं शिकवणारा माणूस शाळेत हवा. आणि त्याने कळवलं तर फोन कोणाला करायचा, हे त्या शिक्षकाला ठाऊक हवं. दहा दिवस एकत्र काम केलेलं असलं की तो फोन होतो. परिपत्रक वाचून होत नाही.

आक्षेप आहेत, आणि त्यातले काही खरे आहेत. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, यांत शिक्षक आधीच पिचला आहे. त्यात ही भर कशाला? याला माझं उत्तर, आधी ती बाकीची कामं काढा. शिकवण्यासाठी लागणारं शिक्षण हे ओझं नव्हे. रुग्णालयं भरलेली असतात, रुग्णाचा खासगीपणा आहे, तिथे मास्तरांची वर्दळ नको, हे म्हणणं रास्त आहे. म्हणून शिक्षक खाटांपाशी नकोत, नाव झाकलेल्या नमुन्यांपाशी हवेत. अर्धवट शिकून मास्तर स्वतःच औषधं सांगू लागतील, ही भीती मला सगळ्यांत गंभीर वाटते. पण अर्धवट ज्ञान आजही आहे, ते मोबाइलवरून येतं. ज्याने प्रयोगशाळेत आपलीच पट्टी चुकलेली पाहिली आहे, त्याला आपल्याला किती कळतं याची मर्यादा कळते. लेप्टोची गोळी कोणी घ्यायची नाही, आठ वर्षांखालच्या मुलाला किंवा गरोदर बाईला ती का देत नाहीत, हे कळलेला शिक्षक "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको" असं म्हणतो आणि का ते सांगू शकतो. मी म्हणालो होतो तसं "दिलीय ना, मग घ्यायची" असं तो म्हणत नाही.

बोर्डाच्या परीक्षेत याला गुण किती, हा प्रश्न पालक विचारतात. सामाजिक आरोग्य, सूक्ष्मजीव, आनुवंशिकता यांवर प्रश्न येतातच. तरीही मी हे गुणांसाठी मागत नाही.

गेल्या जुलैत मी नववीच्या वर्गात पनामाच्या सैनिकांची चाचणी शिकवली. दोन गट, ९४० माणसं, वीस आणि एक. अपेक्षेप्रमाणे वर्ग भांडला. खोटी गोळी देणं म्हणजे फसवणूक, असं काहींचं म्हणणं पडलं; तसं केलं नसतं तर कळलंच नसतं, असं इतरांचं. तास संपल्याची घंटा झाल्यावर एक मुलगी थांबली. तिच्या घरचे अजून लावणीत होते, तिच्याही पायांना चिखल्या होत्या. तिने विचारलं, "सर, त्या वीस जणांक आधी सांगितला होता काय, की तुमची गोळी खोटी असू शकता म्हणून? आणि आता आमच्या गावात अशी चाचणी करूची झाली, तर कोणाक खोटी देतले?"

मी तो प्रश्न तिच्याच शब्दांत हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला आहे. तिचं नाव खाली लिहिलं नाही, तारीख लिहिली. येत्या मे महिन्यात कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाने आम्हाला दहा दिवस आत घेतलं, तर पहिल्या दिवशी मी हाच विचारणार आहे.